चिठ्ठी लिहून पुढे पाठवण्यापलीकडे

पत्र: मी मराठवाड्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन वर्षांपासून वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्या जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाचे पद वर्षभर रिक्त होते. आता शेजारच्या जिल्ह्यातील डॉक्टरांकडे अतिरिक्त कार्यभार आहे आणि ते आठवड्यातून दोन दिवस येतात. मानसिक आरोग्याचे तीन दिवसांचे प्रशिक्षण मी घेतले आहे, प्रमाणपत्रही मिळाले आहे, पण रुग्ण समोर बसला की औषध लिहायला हात धजावत नाही. मागच्या महिन्यात २४ वर्षांच्या एका मुलाला त्याचे आईवडील घेऊन आले. प्रादेशिक मनोरुग्णालयातून तो बरा होऊन आला होता, पण गोळ्या संपल्या आणि दोन महिन्यांपासून त्या बंदच आहेत. घरचे दोनदा जिल्ह्याला जाऊन आले, दोन्ही वेळा डॉक्टर नव्हते. मी पुन्हा तीच संदर्भचिठ्ठी लिहून दिली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे प्रश्न तीन आहेत. अशा रुग्णांवर मी उपचार करावेत का, आणि कायद्याने मला ते करता येतात का? मी मानसोपचारात एम.डी. करावे का? आणि केले, तरी माझ्या एकट्याच्या भरतीने काय फरक पडणार आहे?

एक वैद्यकीय अधिकारी

प्रिय डॉक्टर,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर आकड्यांत देता येते आणि ते एकदा मांडले की पहिले दोन प्रश्न वेगळे दिसू लागतात.

बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात दर लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण मध्य प्रदेशात ०.०५, तर केरळमध्ये १.२ आढळले. केरळ वगळता त्या यादीतील एकाही राज्यात लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञ नव्हता. संपूर्ण देशासाठी पुढे ०.७५ हा आकडा सर्रास वापरला जाऊ लागला आणि असायला हवे ते प्रमाण लाखामागे ३ मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. या प्रमाणाने त्या वेळच्या लोकसंख्येलाच सुमारे ३,३७० मनोविकारतज्ज्ञ लागले असते. परंतु या सरासरीने तुमच्या तालुक्याचे चित्र कळत नाही, कारण सरासरीत मुंबई, पुणे आणि नागपूर येथील खासगी दवाखाने धरलेले असतात, आणि तुमच्या रुग्णाच्या दृष्टीने ते दवाखाने असून नसल्यासारखेच आहेत. तुमच्यासाठी भागाकार वेगळा करावा लागतो. २० लाख वस्तीच्या जिल्ह्यात सरकारी सेवेत एकच मनोविकारतज्ज्ञ असेल, तर प्रमाण ०.०५ येते, म्हणजे सर्वेक्षणात सर्वांत खाली असलेल्या राज्याइतके. आणि तुम्ही लिहिता त्याप्रमाणे एकाच डॉक्टरांकडे तशाच आकाराचे दोन जिल्हे असतील, तर त्याच्याही निम्मे.

आता त्या एका डॉक्टरचा दिवस मोजून पाहू. त्याच सर्वेक्षणात प्रौढांमध्ये तीव्र मानसिक आजारांचे सध्याचे प्रमाण ०.८ टक्के आढळले आहे. २० लाखांच्या जिल्ह्यात प्रौढ १३ लाख धरले, तर असे रुग्ण दहा हजारांच्या थोडे वर भरतात. प्रत्येक रुग्णाने वर्षातून सहा वेळा यावे अशी माफक अपेक्षा ठेवली, तर वर्षाला साठ हजारांहून अधिक भेटी होतात. डॉक्टरने प्रत्येकाला १५ मिनिटे दिली आणि सहा तास ओपीडी केली, तर दिवसाला २४ रुग्ण होतात. वर्षात कामाचे दिवस २५० धरले, तर ६,००० भेटी. याचा अर्थ केवळ तीव्र आजारांसाठी अशा दहा डॉक्टरांची गरज आहे. यात उदासीनता (डिप्रेशन) नाही, चिंताविकार नाहीत, दारू नाही आणि मुले नाहीत. शिवाय जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाला २५० दिवस ओपीडी कधीच मिळत नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांचे दिवस असतात, न्यायालयाने अभिप्रायासाठी पाठवलेले लोक असतात, कारागृहाच्या भेटी असतात, आढावा बैठका असतात आणि मासिक अहवाल तर असतातच. मी जिल्हा रुग्णालयात होतो त्या काळात प्रमाणपत्राच्या दिवशी दाराबाहेरच्या रांगेत ज्यांना खरोखर उपचार हवे होते असे रुग्ण कंटाळून घरी जाताना मी पाहिले आहेत, आणि त्यांना थांबवायला माझ्याकडे मोकळा माणूस नव्हता.

तेव्हा पद भरले तरी रांग संपत नाही, हे आधी मान्य करू. मग एका मनोविकारतज्ज्ञाच्या येण्याने फरक कुठे पडतो? त्याने स्वतः किती रुग्ण तपासले यावर तो फारसा अवलंबून नसतो. जिल्ह्यातील तीस-चाळीस वैद्यकीय अधिकाऱ्यांना रुग्ण तपासण्याचे धैर्य आणि कौशल्य त्याने किती दिले, यावर तो अवलंबून असतो. ही कल्पना माझी नाही आणि नवीनही नाही. १९७५ च्या सुमारास चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे आणि बंगळुरूच्या निमहान्सने जवळच्या सकलवारा येथे हाच प्रयोग केला. गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांना आणि साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांना ठरावीक आजार ओळखायला व मोजकी औषधे द्यायला शिकवले, तर बहुतेक रुग्णांना शहर गाठावे लागत नाही, हे त्या दोन ठिकाणी दिसले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. १९८५ पासून कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात तो जिल्हा पातळीवर करून पाहिला गेला आणि त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये देशातील चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज तो जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहे, निदान कागदावर तरी.

माझे स्पष्ट मत असे आहे की हा कार्यक्रम पसरत गेला तसा त्याचा गाभा आक्रसत गेला. बळ्ळारीच्या नमुन्यात मनोविकारतज्ज्ञ हा शिकवणारा आणि पाठीशी उभा राहणारा होता. बऱ्याच जिल्ह्यांत तो आता खोली क्रमांक अमुकमध्ये बसणारा डॉक्टर झाला आहे, आणि तो रजेवर गेला की संपूर्ण जिल्ह्याची मानसिक आरोग्यसेवा रजेवर जाते. तुमच्या रुग्णाच्या आईवडिलांना दोनदा रिकाम्या हाताने परतावे लागले ते यामुळे. पद रिक्त होते हे खरे. पण पद भरलेले असतानाही त्या मुलाच्या गोळ्या तुमच्या केंद्रात मिळत नव्हत्या, हे अधिक गंभीर आहे.

आता तुमच्या प्रशिक्षणाविषयी. तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊनही हात धजावत नाही, हे तुम्ही अपराध्यासारखे लिहिले आहे, म्हणून सांगतो की अशी प्रशिक्षणे मीच अनेक वर्षे दिली आहेत. सभागृहात पंख्याखाली ऐंशी स्लाइड, मधे चहा, शेवटी गटफोटो आणि प्रमाणपत्र. एकदा सहा महिन्यांनी मी त्याच तुकडीतील एका डॉक्टरांच्या केंद्रावर सहज गेलो, तेव्हा औषधभांडारात फ्लुओक्सेटीन या उदासीनतेवरच्या गोळ्यांचा अख्खा खोका मुदत संपून पडला होता. डॉक्टर हुशार होते, माझ्या चाचणीत त्यांना सर्वाधिक गुण मिळाले होते. दोष त्यांचा नव्हता. एम.बी.बी.एस.ला मानसोपचाराची स्वतंत्र परीक्षा नसते. तो विषय मेडिसिनच्या प्रश्नपत्रिकेत एखाद्या प्रश्नापुरता येतो आणि विद्यार्थी तो तेवढाच वाचतो. आंतरवासितेत (इंटर्नशिपमध्ये) आता मानसोपचार विभागात दोन आठवडे सक्तीचे झाले आहेत, ही चांगली गोष्ट आहे, पण पूर्वी हा विषय ऐच्छिक होता आणि तुमच्या आधीच्या पिढीतील अनेक वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एकाही मनोरुग्णाची मुलाखत स्वतः न घेता पदवी मिळवली आहे. तेव्हा व्याख्यानाने भर पडते ती माहितीत. हात धजावण्यासाठी पहिल्या दहा रुग्णांच्या वेळी शेजारी कुणीतरी असावे लागते. प्रसूती किंवा टाके घालणे तुम्ही असेच शिकलात, नाही का?

निमहान्सने कर्नाटकात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांसाठी नेमकी हीच पद्धत वापरली आहे. डॉक्टर आपल्याच ओपीडीत आपलेच रुग्ण तपासतो आणि मनोविकारतज्ज्ञ व्हिडिओवरून त्याच्याबरोबर बसतो. शिकवणे होते ते समोरच्या रुग्णावर, कल्पित उदाहरणावर नाही. त्याच राज्यात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येऊन बसतात. या दोन्ही गोष्टींना नवीन इमारत लागत नाही. तुमच्या जिल्ह्यात असे काही नसेल, तर लहान प्रमाणात ते तुम्हीच सुरू करू शकता. अतिरिक्त कार्यभार असलेले ते डॉक्टर ज्या दोन दिवशी येतात, त्यांपैकी एका दिवशी दुपारी वीस मिनिटे त्यांच्याशी फोनवर बोलण्याची वेळ ठरवून घ्या आणि दर वेळी दोनच रुग्ण त्यांच्यापुढे मांडा: वय, तक्रार किती दिवसांची, झोप, भूक, कामधंदा, नशा, आत्महत्येचे विचार, पूर्वीची औषधे, आणि तुमचा स्वतःचा अंदाज. शेवटचा मुद्दा गाळू नका. अंदाज न सांगता विचारलेला सल्ला म्हणजे पुन्हा चिठ्ठीच, फक्त तोंडी. त्या डॉक्टरांना हा त्रास वाटेल असे तुम्हाला वाटत असेल. माझा अनुभव उलटा आहे. तुम्ही दोन रुग्ण सांभाळले, तर त्यांच्या रांगेतून दोन रुग्ण कमी होतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा आधी कळते.

कायद्याचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरे केले, कारण अनेक वैद्यकीय अधिकारी कायद्याच्या भीतीने हात आखडता घेतात आणि त्यांतील बहुतेकांनी कायदा वाचलेला नसतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३१ नुसार सरकारी आरोग्यसंस्थांतील आणि कारागृहांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व आपत्कालीन मानसिक आरोग्यसेवा देण्याचे प्रशिक्षण देणे हे सरकारचे किमान कर्तव्य आहे. ज्याने उपचारच करायचे नाहीत त्याला प्रशिक्षण द्या, असे कायदा कशाला सांगेल? त्याच कलमात लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या निकषांपर्यंत नेण्यासाठी दहा वर्षांत प्रयत्न करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ती मुदत २०२८ च्या मे महिन्यात संपते, आणि वर मांडलेला भागाकार पाहता ती पाळली जाण्याची मला आशा नाही. कलम ९४ तर थेट तुमच्यासाठी आहे. रुग्णाच्या जिवाला धोका असेल, तो स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा करण्याची शक्यता असेल, तर कोणताही नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्यासाठी नेमलेली व्यक्ती) उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने तातडीचे उपचार देऊ शकतो. ही मुभा सर्वसाधारणपणे ७२ तासांपर्यंत किंवा मानसिक आरोग्य आस्थापनेत तपासणी होईपर्यंत असते आणि तिच्यात विजेच्या झटक्याचे उपचार (ईसीटी) बसत नाहीत. रुग्णाला दाखल करून ठेवणे, विशेषतः त्याच्या इच्छेविरुद्ध, याबाबत कायदा कडक आहे आणि ते तुमच्या केंद्राचे काम नव्हे. बाह्यरुग्ण म्हणून उदासीनतेवर औषध देणे किंवा तज्ज्ञाने ठरवलेले औषध पुढे चालू ठेवणे हे मात्र तुमच्या पदवीच्या कक्षेत बसते. जे लिहाल त्याची नोंद स्वच्छ ठेवा आणि तज्ज्ञाशी फोनवर बोलला असाल, तर दिनांकासह तेही केसपेपरवर लिहा.

औषधांच्या बाबतीत एक खाच ध्यानात घ्या. अत्यावश्यक यादीतील औषधे मोफत देण्याचे कायद्यातील बंधन ग्रामीण रुग्णालय व त्यावरच्या संस्थांपासून सुरू होते, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून नाही. त्यामुळे तुमचे औषधनिर्माते (फार्मासिस्ट) ‘ही गोळी आपल्याकडे येत नाही’ म्हणाले, तर ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असू शकतील. वाद घालत बसू नका. किती रुग्णांना कोणती गोळी महिन्याला किती लागेल याचा साधा तक्ता करा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत ग्रामीण रुग्णालयाच्या साठ्यातून ती मागवा. नावानिशी व संख्येनिशी केलेली मागणी नाकारणे कठीण असते. ‘मानसिक आजारांची औषधे मिळावीत’ असे मोघम पत्र मात्र फायलीत सहज झोपी जाते.

कुठून सुरुवात करावी, असे विचाराल तर मी चारच गोष्टी सांगेन. उदासीनता, दारू सोडताना होणारा त्रास, तज्ज्ञाने निदान करून स्थिर केलेल्या तीव्र मनोविकाराच्या रुग्णांचा पाठपुरावा, आणि विष घेऊन आलेले रुग्ण. शेवटच्या गटाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तुमच्या भागात शेताच्या बांधावर कीटकनाशकाचा डबा हाताशी असतो. असा रुग्ण आला की आपण अॅट्रोपीन हा उतारा देतो, नाडी आणि बाहुल्या पाहतो, गरज पडली तर वर पाठवतो, आणि जीव वाचला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्यानंतर रुग्णवाहिका त्याला ज्या घरातून आणले होते त्याच घरी सोडते. त्याने विष का घेतले आणि अजूनही मरावेसे वाटते का, हे त्या संपूर्ण प्रवासात कुणीही विचारलेले नसते. विचारल्याने ते विचार वाढतात ही समजूत चुकीची आहे. बहुतेक रुग्णांना विचारल्यावर हायसे वाटते. कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, मानायचे असते, आणि तिला उपचार व पुनर्वसन पुरवण्याचे कर्तव्य सरकारवर येते. तेव्हा जिल्ह्याहून परतलेल्या अशा प्रत्येक रुग्णाचे नाव आशाताईंकडून मिळवा, आठवड्याच्या आत त्याला भेटायला बोलवा, घरातले विष कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायला सांगा, आणि पहिले तीन महिने त्याला नजरेआड होऊ देऊ नका. याला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पाचा उद्देश हाच होता. तुमचा जिल्हा त्यात असेल, तर त्याचे समुपदेशक कुठे बसतात ते शोधून काढा.

उदासीनतेच्या रुग्णाला औषधाचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने ते घ्यावे लागते, हे पहिल्याच भेटीत सांगितले नाही, तर रुग्ण दहाव्या दिवशी गोळी सोडतो आणि डॉक्टरला वाटते की औषध लागू पडले नाही. दारूच्या रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्या. तापलेला आणि बरळणारा म्हातारा माणूस मनोरुग्ण नसतो. त्याला आधी शारीरिक आजार आहे असे समजून तपासा. बाळंतपणानंतरचा भ्रमिष्टपणा, लिथियम सुरू असलेला रुग्ण, लहान मुले, आणि ज्याच्या घरातून तो मारहाण करतो असे सांगितले जाते असा नवा रुग्ण, हे सर्व तज्ज्ञाकडे पाठवायचे, आणि पाठवताना नुसती चिठ्ठी न देता आधी फोन करायचा. तुमच्या उपकेंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा यांच्याकडे तिशीच्या पुढच्या लोकांचा जो तपासणी तक्ता असतो, त्यात उदासीनतेचे दोन प्रश्न आहेत. ते खरोखर विचारले जातात की रात्री बसून भरले जातात, हे एकदा प्रेमाने तपासून पाहा. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवे असलेल्या कुटुंबांना १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक द्या. ती सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीतही बोलते.

एवढ्याने फरक पडतो का? अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमाने गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन, त्यांच्यावर समुपदेशक आणि आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या ठराविक दिवशी उपलब्ध होणारा मनोविकारतज्ज्ञ अशी उतरंड रचली. उदासीनतेच्या रुग्णांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण त्या गावांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांची संख्या वाढवून हे घडले नाही. तज्ज्ञापर्यंत कुणी जायचे आणि कुणावर गावातच काम करायचे, हे ठरवणारी माणसे गावात तयार झाली म्हणून ते घडले.

आता एम.डी.चा प्रश्न. करावे, असे माझे उत्तर आहे, पण कुठे करावे याबाबत मी फार चोखंदळ राहायला सांगेन. पदव्युत्तर जागा वाढल्या आहेत, केंद्र सरकारच्या योजनेतून २५ उत्कृष्टता केंद्रे मंजूर झाली आणि सरकारी महाविद्यालयांतील पदव्युत्तर विभागांना निधीही मिळाला. तरीही तयार होणारा तज्ज्ञ बहुधा महानगराच्या कामाचा असतो, कारण तीन वर्षे तो तिसऱ्या स्तराच्या रुग्णालयात, भोवती मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि सगळ्या तपासण्या हजर असताना शिकतो. मग जिल्हा रुग्णालयात रुजू झाल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे पद रिक्त, समाजसेवक कंत्राटी आणि त्यांचे मानधन चार महिने थकलेले, असे चित्र दिसते आणि दोन वर्षांत तो राजीनामा देतो. मी याला पळपुटेपणा म्हणत नाही. ज्या कामाची त्याला तालीम दिली नाही ते काम त्याच्यावर सोपवले गेले, असे म्हणतो. २०२१ च्या तुकडीपासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. ही मला अलीकडच्या काळातील सर्वांत शहाणी सुधारणा वाटते, मात्र अनेक ठिकाणी तो विद्यार्थी ओपीडीतला आणखी एक हात म्हणून वापरला जातो आणि तालुक्यापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून जागा निवडण्यापूर्वी त्या विभागातील दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला गाठा. विभागप्रमुखांना विचारू नका, ते माहितीपत्रकच वाचून दाखवतील. निवासी डॉक्टरला विचारा की जिल्ह्याच्या तीन महिन्यांत तो कुठे होता आणि तेथे रोज काय केले. विभागाचे पथक गावपातळीवर किती वेळा जाते. व्यसनमुक्तीच्या आणि मुलांच्या विभागात स्वतंत्र जबाबदारी मिळते का. आणि तीन वर्षांत त्याने एकदा तरी एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याला शिकवले आहे का. शेवटच्या प्रश्नाला होकार आला, तर तो विभाग तुमच्या कामाचा. सेवांतर्गत (आधीच सरकारी सेवेत असलेल्या) उमेदवारांना पदव्युत्तर प्रवेशात कोटा ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२० च्या निकालात मान्य केला आहे. महाराष्ट्रात त्याचे नियम वेळोवेळी बदलत आले असल्याने ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण माना, ज्येष्ठ मित्रांच्या आठवणी नव्हेत. आणि तुमची तीन वर्षांची सेवा वाया जाईल असे समजू नका. साप चावलेला रुग्ण, खोकल्याचा रुग्ण आणि गरोदर बाई एकाच सकाळी पाहिलेला डॉक्टर जेव्हा मनोविकारतज्ज्ञ होतो, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला किती वेळ असतो आणि त्याला काय झेपते, हे त्याला शिकवावे लागत नाही.

परंतु एम.डी.ला अजून प्रवेशपरीक्षा, प्रवेशाच्या फेऱ्या आणि तीन वर्षे आहेत, आणि तो मुलगा आज तुमच्या गावात आहे. दोन महिने औषध बंद असलेल्या मुलाला थांबवून ठेवणे धोक्याचे आहे, कारण अशा रुग्णांत आजार उलटण्याची शक्यता औषध बंद केल्यावरच्या महिन्यांत खूप वाढते. आईवडिलांना निरोप पाठवून त्याला मनोरुग्णालयाच्या सुटीच्या (डिस्चार्जच्या) कागदासह बोलावून घ्या. त्यावर औषधाचे नाव आणि मात्रा असेल. झोप कमी झाली आहे का, तो एकटा बोलतो का, जेवणात कुणी काही घालते असा संशय येतो का, आणि जगण्याविषयी तो काय म्हणतो, एवढे त्याला एकट्याला आणि मग आईला विचारा. वजन, रक्तदाब आणि रक्तातील साखर पाहा. त्याच बैठकीत, तो समोर असतानाच, जिल्ह्याच्या डॉक्टरांना फोन लावा. कागदावरची मात्रा एकदम सुरू करायची की कमीपासून चढवत न्यायची, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या आणि केसपेपरवर लिहा. पंधरा दिवसांच्या गोळ्या द्या, महिन्याच्या नको, आणि मान ताठरणे किंवा हात थरथरणे सुरू झाले तर वेळ न घालवता यायला सांगा. पुढची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. ती तारीख आशाताईंच्या वहीतही असू द्या, म्हणजे तो आला नाही तर त्याच दिवशी संध्याकाळी कुणीतरी त्याच्या दारात असेल.